ती रुसेल म्हणे!

काळेवाडीच्या नळावर कस्तुराच्या पुढे घागर सरकवायची कुणाची छाती होत नसे. भांडकुदळ होती म्हणता? छे! तिचा आवाज कधी चढायचा नाही. ती फक्त "का?" एवढंच विचारायची आणि उत्तर मिळेस्तोवर जागची हलायची नाही. नंबर माझा, घागर तुझी पुढे, का? रेशनवाला म्हणतो आज साखर नाही, का नाही? तिचा नवरा कोंडीराम औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता, स्वभावाने अगदी गरीब गाय. तो म्हणायचा, "देवानं हिच्या तोंडात समदे शब्द घातले, 'जाऊ दे' तेवढा घालायचा ऱ्हायला." आणि खरंच, सबंध आयुष्यात तिने 'जाऊ दे' म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

तिचं माहेर मावळात. पूर्वी सकाळची रेल्वे धरून पुढे गाडीवाटेने चालत गेलं की दुपारच्या भाकरीला आईपुढे बसता यायचं. मग धरण झालं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या पावसाळ्यांत पाणी चढत चढत वाट, मळा, म्हसोबाचा दगड, सगळं गिळून बसलं. निम्मं गाव पांगलं. कस्तुराचा भाऊ आणि आई रंभा पलीकडच्या उतारावर घर बांधून राहिले. अलीकडच्या काठावरून रंभाच्या चुलीचा धूर दिसायचा, पण तिथवर जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. रंभाचे गुडघे गेले, तिचं येणं बंद झालं. कस्तुराच्या मागे दोन पोरी आणि पोटापाण्याचं काम. तिचं जाणं आधी सणावारावर आलं, मग सणही चुकायला लागले. कधी जीव फारच ओढला तर अलीकडच्या काठापर्यंत जाऊन ती धूर बघायची आणि परत फिरायची. त्या पाण्याचा तिला मनस्वी राग होता.

काम म्हणजे कासारवाडीला, रेल्वेच्या फाटकापलीकडे मुकुंदरावांच्या शेडमध्ये. मुकुंदराव मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून धंद्यात पडलेले इंजिनिअर. टाक्या, पिंपं, लोखंडी जिने असलं काय काय तिथे व्हायचं. पुरुष वेल्डिंग करायचे, बाया घासायच्या. जोडावरची खपली छिन्नीने उडवायची, तारेच्या ब्रशने पत्रा लख्ख करायचा आणि गंजू नये म्हणून त्यावर लाल प्रायमर मारायचा. सत्त्याहत्तर साली मुकुंदरावांनी सरकारी काम घेतलं, कुठल्याशा धरणावर माणसांची ने-आण करणारी लाँच बांधायचं. झालं! समुद्र राहिला घाटाखाली आणि कासारवाडीत बोट! फाटक बंद असलं की माणसं सायकलवरून उतरून शेडमध्ये डोकावायची.

बोट बांधायची तर जाणता माणूस हवा, म्हणून मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले गुरुदत्त पावसकर आणले. मूळचे दाभोळचे, आजा-पणजा सगळे दर्यावर्दी, आज्याचा तर स्वतःचा मचवा, म्हणजे शिडाचं गलबत. कामाला माणूस सोन्यासारखा, जिभेला मात्र मिरची बांधलेली. आल्या आल्याच त्यांचं आणि कस्तुराचं वाजलं. तिने आपलं सहज विचारलं, "मिस्त्री, ह्ये डबडं कवा पुरं व्हायचं?"

पावसकरांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "डबडं? कुणाला गो डबडं म्हणतेस? आणि हे-ते काय लावलंय? बोटीला 'ते' म्हणायचं नाही. ती! बाईमाणूस आहे ती. तिला ऐकू येतं, राग येतो, लाड केलेले कळतात. ह्यापुढे जो कोण तिला 'ते' म्हणेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा!"

आता मावळातली माणसं ती, त्यांनी जन्मात बोट बघितलेली नाही. सगळ्यांच्या तोंडात 'ते लोखंड', 'ते धूड'. कस्तुराने चहा पाजला, तिच्या जोडीला घासणाऱ्या केसरबाईने पाजला आणि खंडू फिटर तर बिचारा टपरी ते शेड येरझाराच घालत होता. पण जीभच ती, वळली. हळूहळू शेडभर 'ती' झाली. "आज तिला सावलीत घ्या रे." "ती डाव्या अंगाला कलली बघा." मुकुंदरावांनी तिला आपल्या बायकोचं नाव ठेवलं, शुभदा. मग तर कुणी टेकून विडी ओढायला लागलं तरी पावसकर ओरडायचे, "बाईमाणसाला खेटून काय उभा राहतोस मेल्या!"

कस्तुराला आधी हसू यायचं. पण तिचं काम बाहेर नव्हतं, आत होतं. डेकच्या खाली बंद कप्पे असतात, हवेचे, बोट तरंगावी म्हणून. त्यांत उतरायला सुपाएवढं भोक. पुरुषांचे खांदे अडकायचे, म्हणून अंगाने काटकुळी कस्तुरा उतरायची. आत अंधार, एक दिवा आणि प्रायमरचा असा वास की डोकं गरगरावं. आतलं माणूस शुद्धीवर आहे की नाही हे बाहेरच्याला कळायला हवं, म्हणून केसरबाई वरून हातोडीने ठोकायची, ठक ठक. म्हणजे 'हायस का?' आतून कस्तुरा ठोकायची, ठक ठक. 'हाय.' असे कितीतरी महिने गेले. तिथे पोटात बसल्या बसल्या कस्तुराही तिच्याशी बोलायला लागली. "थांब गं बाई, येवढा कोपरा घासू दे," असं. 'ती' म्हणायला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि एक दिवस मुकुंदरावांच्या तोंडून धरणाचं नाव निघालं. कस्तुराने ब्रश खाली ठेवला. तिचंच धरण! जी आपण घासतोय ती आपल्या आईच्या दाराशी जाणार! ती तिथेच रडली, भोकात अर्धी उतरलेली, सगळ्यांसमोर. मग डोळे पुसले आणि केसरबाईला म्हणाली, "पयल्या खेपंला मी जानार. आयला सांगावा धाडते, पयल्या लाँचीत तुजी लेक उभी आसंल म्हनून." आणि भावाच्या ओळखीच्या दूधवाल्याबरोबर तिने खरंच सांगावा धाडला.

हे पावसकरांच्या कानावर गेलं. ते आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "कस्तुरा, खुळी की काय तू? नवीन बोटीच्या पहिल्या खेपेला बाई चढत नाही. नारळ फुटायचा, ती एकदा पलीकडे जाऊन यायची. मग काय ते उतारू, बाया, शेळ्या, कोंबड्या."

"का?"

"ती रुसते. पहिल्या खेपेला तिला दुसरी बाई खपत नाही. रुसली की घात करते."

"मी तिच्या पोटात राबतीया, तवा न्हाई रुसली?"

"पाण्याला लागेपर्यंत ती बोट नसते गो. लोखंडच ते."

"मंग 'ते' म्हनल्यावर च्या का पाजायला लावला?"

शेडमध्ये हशा उसळला. खंडू तर म्हणाला, माझे सगळे चहा परत करा. पावसकरांचे कान लाल झाले. पण कस्तुरा हसत नव्हती. तिने पुढे विचारलं, "मिस्त्री, तुमच्या आज्याचा मचवा व्हता म्हनता. मचवा त्यो का ती?"

"मचवा तो."

"त्येच्या पयल्या खेपंला बाया चढायच्या?"

पावसकरांनी हातोडा उचलला. "नाही."

"त्यो तर बाप्या. त्यो कुनावर रुसायचा?"

"रीत ती रीत!" पावसकर ओरडले. "सात पिढ्यांची आहे. तुझ्यासाठी मोडायची?"

"तुमची रीत तुमच्यापाशी. माजी आय काठावर येऊन बसनार हाय. मी काय तिला शेळ्यांसंगं दिसू?"

गोष्ट तिथेच लोंबकळत राहिली. लोंबकळत म्हणजे पुढे अक्षरशः लोंबकळली. लाँच पुरी झाली, न्यायचा दिवस आला, भाड्याची क्रेन आली. बोट बांधतात लाकडी ठोकळ्यांवर, आणि जिथे ठोकळे टेकलेले असतात तिथे रंग लागत नाही. बोट उचलली की त्या जागा उघड्या पडतात, नुसतं कोरं लोखंड. ती अधांतरी असतानाच कुणीतरी खाली सरपटत जाऊन त्या रंगवायच्या आणि मग ट्रेलरवर ठेवायची. क्रेनने शुभदेला उचललं. तारा करकरल्या. एवढं धूड माणसांच्या डोक्यावर हलकेच झुलायला लागलं. पावसकर म्हणाले, "कस्तुरा, तू बारीक आहेस. पटकन जाऊन मारून ये."

कस्तुराने प्रायमरचा डबा उचलला, वर बघितलं, आणि डबा जमिनीवर नीट ठेवून त्याच्याशेजारी फतकल मारून बसली.

"मिस्त्री, पोटाखाली झोपाय बाई चालती. पाठीवर उभी ऱ्हायला चालत न्हाई. का?"

क्रेनवाला हॉर्न वाजवायला लागला. पावसकरांनी खंडूकडे बघितलं, खंडूने आभाळाकडे. बाकीचे पुरुष एकाएकी आपापले पाने शोधू लागले. त्या झुलणाऱ्या लोखंडाखाली जायला कुणीही पुढे येईना. मुकुंदराव धावत आले. "कस्तुराबाई, अहो हे आत्ता काढायचं का?"

"मंग कवा काढू सायेब? ती पान्यात गेल्यावर?" ती म्हणाली. "ऐका. समद्या जागा रंगवते, येक ठिवते. ती तितं धरनावर रंगवीन, पान्यात सोडायच्या आदी, पन पयलं तिच्यावर पाय ठिवून आल्यावर."

"बरं, बघू."

"बघू न्हाई."

मुकुंदरावांनी घाम पुसला. "बरं बाई, चढा. दिला शब्द." पावसकरांनी तोंड फिरवलं.

मग ती खाली गेली. भ्याली नाही असं कुणी समजू नये. पाठीखाली गोणपाट, तोंडावर टपकणारा लाल रंग, आणि वीतभर वर सगळी बोट. तार तुटली तर ओळखायलाही काही उरणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन पोरींची नावं घेत घेत तिने एकेक जागा रंगवली. शेवटची, मागच्या टोकाची, वीतभर, तशीच ठेवली. बाहेर येण्याआधी सवयीने बोटीच्या पोटावर मूठ ठोकली, ठक ठक.

मार्गशीर्षातला दिवस. धरण काठोकाठ भरलेलं. जिथे लाँच उतरवायची होती ती जागा कोणती असावी? कस्तुराच्या माहेराची जुनी गाडीवाट! उतरत उतरत तशीच पाण्यात शिरलेली. पलीकडच्या काठावर एक हिरवा ठिपका दिसत होता. रंभाचं लुगडं. भावाने तिला पाठीवर घालून खाली आणून बसवलं असणार. कस्तुराने हात हलवला. ठिपक्याने हलवला की नाही ते एवढ्या लांबून कळेना.

तिथे दुसरी क्रेन होती. तिने लाँच उचलली, तेव्हा कस्तुरा डबा घेऊन पुढे झाली. "सायेब, आदी वर, मंग खाली."

पावसकर मध्ये आले. "नको तुझा रंग! वीतभर जागा गंजली तर गंजू दे. पण बाई चढणार असेल तर मी चालवणार नाही."

"सायेब, तुमी शबुद दिला व्हता."

मुकुंदराव बुटांकडे बघत म्हणाले, "मिस्त्रींशिवाय चालवणार कोण, तुम्हीच सांगा. दुसऱ्या खेपेला जा ना. घटकाभराचा तर प्रश्न आहे."

असे शब्द देणारे! लाँच पाण्यात टेकली, कोरी जागा पोटाखाली घेऊनच. कस्तुराच्या हातात आता डबा होता आणि त्याला काही किंमत उरली नव्हती. पावसकरांनी नारळ फोडला, गुलाल उधळला. काठावरून बोटीत जायला फळी टाकली आणि फळीच्या तोंडाशी स्वतः उभे राहिले. जिच्या नावाची बोट ती शुभदावहिनी पूजेचं ताट देऊन मागे सरकली होती, कारण तिलाही कुणी वर ये म्हटलं नव्हतं.

कस्तुराचा संताप संताप झाला. तिने डबा खाली ठेवला, काष्टा घट्ट खोवला, फळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ पाण्यात शिरली. पायाखाली जुनी गाडीवाट लागली. चाकोरी अजून तशीच होती. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. त्याच वाटेने ती कितीदा माहेरी गेली होती! बोटीच्या अंगाला धक्क्यासाठी टायर लटकवलेले होते. तिने एक धरला, पाय रोवला आणि निथळत वर चढली. ज्या भोकातून ती आत उतरायची, त्याच्याच झाकणावर जाऊन बसली.

"उतर!" पावसकर गरजले.

"उतरवा की."

उतरवणार कोण? परक्या बाईच्या अंगाला हात लावायची कुणाची बिशाद! पावसकर तणतणत फळीवरून काठावर आले आणि एका दगडावर पाठ फिरवून बसले. "मी नाही येणार. बुडा सगळे!"

बोट रुसेल म्हणत होते, रुसले मिस्त्री!

आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट झाली. शुभदावहिनीने चपला काढल्या आणि फळीवर पाय टाकला. मुकुंदराव म्हणाले, "अगं, तू कुठे?" ती म्हणाली, "नाव माझं लिहिलंय ना पुढे? मग बघून तरी येते." आणि कस्तुराच्या शेजारी, त्या ओल्या झाकणावर, जरीकाठाच्या साडीनिशी येऊन बसली. मुकुंदराव दोन पावलं मागे सरकले.

"खंडू, तुला चालू करता येतं न्हवं?" कस्तुराने विचारलं. खंडूने इंजिन बसवलेलं होतं. तो घाबरत घाबरत आत गेला. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा घरघरलं, पुन्हा गप्प. काठावर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "बघा, रुसली!" पलीकडे तो हिरवा ठिपका उठून उभा राहिल्यासारखा दिसत होता. कस्तुरा मनात म्हणाली, बाई गं, तुझ्या पोटात मी जीव घालवला, आज माझं हसं करू नकोस. खंडूने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. घरघर, आणि शांत. काठावरचे हसायला लागले, बोटीलाच हसायला लागले.

तेव्हा दगडावरचे पावसकर ताडकन उठले. "हसता कुणाला रे? आणि तू, डिझेलचा कॉक उघड गाढवा! ट्रेलरवर सांडू नये म्हणून मीच बंद केलाय!"

खरं तर गप्प बसले असते तर त्यांची रीत राहिली असती. पण आपल्या बोटीला कुणी हसलेलं त्या माणसाला सोसवलं नाही. कॉक उघडला, इंजिन धडधडलं, धूर निघाला. खंडूने चाक धरलं आणि ते असं काही फिरवलं की लाँच थेट खडकाच्या रोखाने निघाली. "मारतोस की काय तिला!" म्हणत पावसकर धोतर सावरत धावले, फळी निसटायच्या आत वर आले आणि खंडूच्या हातातून चाक हिसकावून घेतलं. बायांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाठ करून, तोंड मिटून, बोट सरळ केली.

त्या कोऱ्या जागेचं काय झालं म्हणता? ती पुढल्या उन्हाळ्यात रंगली, लाँच काठावर ओढल्यावर. तेव्हा पावसकरांनी स्वतः काळेवाडीला निरोप धाडला, "कस्तुराबाईंना सांगा, आधी वर, मग खाली." पण ते पुढचं. आत्ता कस्तुरा पाण्याच्या मधोमध उभी होती, बसलेली नव्हे. खाली कुठेतरी बापाचा मळा होता, म्हसोबाचा दगड होता. वारा तोंडावर येत होता. शुभदावहिनीने घाबरून तिचा हात धरला होता.

पलीकडे लाँच टेकली. कस्तुराच्या भावाने काठावरून फळी टाकली. रंभा काठीवर भार देऊन उभी होती. तिने लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग तिने बोटीकडे बघितलं, पावसकरांच्या पाठीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाया चालत्यात व्हय गं हिच्यावर?"

कस्तुरा काही बोलायच्या आत पावसकर खाकरले. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "चढू द्या आजींना. परतीची ती दुसरी खेप धरायची. दुसऱ्या खेपेला चालतं."

"न्हाई मिस्त्री," कस्तुरा म्हणाली. "जाऊन परत आल्याबिगर खेप पुरी हुत न्हाई, तुमीच सांगितलंय. ही पयलीच हाय." आणि तिने आईपुढे हात केला. "चढ आये."

"आन ती रुसली तर?"

"रुसू दे. माजी वळखीची हाय. चढ."

रंभाने काठी लेकाकडे दिली. दोन्ही हातांनी एकेक गुडघा उचलत ती फळीवरून आली आणि पहिल्याच खेपेत चढली.